ओपनमीडियाव्हॉल्ट, मर्जरएफएस, स्नॅपरेड, जेलीफिन: घरच्या मीडिया सर्व्हरसाठी ही चौकडी कितपत भरवशाची?

घरात वेगवेगळ्या मापाच्या तीन-चार हार्ड डिस्क आहेत, त्यांवर सिनेमे, लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेलं चित्रीकरण आणि मोबाईलमधले वर्षानुवर्षांचे फोटो आहेत, आणि एखादी डिस्क गेली तर काय, ही धास्ती आहे. अशांना ही जोडणी शोभते. त्याच डिस्कवर रोज बदलणाऱ्या टॅलीच्या हिशेबाच्या फाइल्स किंवा ऑफिसचा डेटा ठेवायचा असेल तर मात्र ती चुकीची आहे. का चुकीची, ते स्नॅपरेडच्या भागात येईलच, कारण या सगळ्या मांडणीचा जीव तिथे आहे.

चौघांची ओळख थोडक्यात. ओपनमीडियाव्हॉल्ट ही डेबियन लिनक्सवर उभी केलेली मोफत प्रणाली. फ्रीनॅस या साठवण-सर्व्हरच्या प्रणालीवर काम केलेल्या फोल्कर थाईले यांनी ती सुरू केली. इथे परीक्षण आहे ते डेबियन १२ वरच्या सातव्या आवृत्तीचं. मर्जरएफएस चार डिस्कना एका फोल्डरसारखं दाखवतो. स्नॅपरेड हे आंद्रेआ मात्सोलेनी यांचं काम, २०११ पासूनचं. ते एका वेगळ्या डिस्कवर पॅरिटी (बाकीच्या डिस्कवरच्या मजकुरावरून काढलेला हिशेब) ठेवून गेलेली डिस्क पुन्हा उभी करतं. जेलीफिन टीव्हीवर सिनेमे दाखवतं. एम्बी या मीडिया सर्व्हरने आपला कोड बंद केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये ते त्यातून फुटून निघालं. चारही मुक्तस्रोत, चारही फुकट.

झेडएफएस का नको

हा प्रश्न पहिल्यांदा येतो आणि यायलाच हवा. ट्रूनॅस ही सर्व्हर प्रणाली टाकून झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणं हा तांत्रिकदृष्ट्या जास्त पक्का मार्ग आहे. प्रत्येक वाचनाला चेकसम (मजकुराचा पडताळा) तपासला जातो, बिघडलेला ब्लॉक जागच्या जागी दुरुस्त होतो, स्नॅपशॉट (त्या वेळच्या स्थितीच्या नोंदी) क्षणात निघतात. पण घरच्या मीडियासाठी त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली जागेची. समजा डिस्क ८, ८, ४ आणि ३ टीबीच्या आहेत. आरएआयडी-झेड१ मध्ये, म्हणजे झेडएफएसच्या एका डिस्कएवढी पॅरिटी ठेवणाऱ्या रचनेत, सगळ्यांत लहान डिस्क माप ठरवते, म्हणजे तीन गुणिले तीन, ९ टीबी हाती. स्नॅपरेडमध्ये एक ८ टीबी पॅरिटीला गेली की उरलेले १५ टीबी तुमचे. एक-एक डिस्क वाढवत जाण्याची सोय झेडएफएसमध्येही आता आहे, ओपनझेडएफएस २.३ पासून, म्हणजे जानेवारी २०२५ पासून. पण लहान-मोठ्या डिस्कचं गणित त्याने सुटत नाही.

दुसरी अडचण अपघाताच्या व्याप्तीची. आरएआयडी-झेड१ मध्ये दोन डिस्क एकदम गेल्या की सगळा पूल (डिस्कचा एकत्र साठा) गेला. स्नॅपरेडमध्ये त्या दोनच डिस्कवरचा माल जातो. उरलेल्या डिस्क साध्या एक्स्ट४च्या, लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमच्या, असतात. काढा, कुठल्याही लिनक्स मशीनला लावा, फाइल्स समोर हजर. शिवाय एक सिनेमा चालू असताना एकच डिस्क फिरते, बाकीच्या झोपलेल्या राहतात. वीज आणि आवाज दोन्हीत हा फरक कळतो.

तरीही फोटो आणि कागदपत्रं एवढंच ठेवायचं असेल, सिनेमे नसतील, तर सारख्या मापाच्या दोन डिस्क घेऊन झेडएफएस मिरर (दोन्हींवर तीच प्रत) करा. त्या कामात तोच सरस आहे.

अनरेड या सर्व्हर प्रणालीची आठवण अनेकांना येईल. कल्पना तीच, पॅरिटी तत्काळ लिहिली जाते आणि हाताळायला सोपं आहे; पण ते विकत घ्यावं लागतं. मार्च २०२४ मध्ये त्याचा सुरुवातीचा परवाना ४९ डॉलरचा आणि कायमचा २४९ डॉलरचा झाला. कमांड लाइनचं नाव काढताच घाम फुटत असेल तर ते पैसे वाया जाणार नाहीत.

मशीन

दोन पर्याय व्यवहारी आहेत. एक, आठव्या पिढीचा आय५-८५०० असलेला जुना ऑफिस पीसी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन रिफर्बिश्ड म्हणून असे पीसी मिळतात. सहा कोअर, आणि त्यातलं यूएचडी ६३० ग्राफिक्स १० बिट एचईव्हीसी व्हिडिओ हार्डवेअरमध्ये उलगडतं. दुसरा, इंटेल एन१०० चा छोटा बोर्ड. चार कोअर, ६ वॉटचा चिप, एव्ही१ व्हिडिओसुद्धा उलगडतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची दोन्हीकडे गरज नाही.

ऑफिस पीसीची गोम त्याच्या कॅबिनेटमध्ये आहे. साडेतीन इंची डिस्कसाठी जेमतेम दोन जागा, आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) कंपनीच्या खास मापाचा, सॅटा (डिस्क जोडण्याच्या) पॉवरच्या मोजक्या वायरींचा. तिथे मोलेक्स-टू-सॅटा कन्व्हर्टर लावून काम भागवलं जातं. त्यात ज्यांचं प्लास्टिक वायरींवरच ओतून बसवलेलं असतं ते कनेक्टर घेऊ नका. आत दोन वायरींमधलं अंतर बिघडलं की शॉर्ट होऊन ते जळतात, आणि कधी डिस्कही घेऊन जातात. घ्यायचेच तर वायर दाबून बसवलेले, मागून झाकण उघडणारे घ्या. खरं तर साधं एटीएक्स कॅबिनेट आणि चांगल्या कंपनीचा ४५० वॉटचा एसएमपीएस घेतलेला बरा. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत ओढते. पाच डिस्क एकदम उठल्या तर सव्वाशे वॉट नुसत्या त्यांना. मशीन चालू होताच बंद पडून पुन्हा चालू होत असेल तर पहिला संशय इथे घ्या.

एन१०० ला मुळात दोनच सॅटा पोर्ट. सहा पोर्ट असलेल्या बोर्डांवर जास्तीचे पोर्ट वेगळ्या चिपमधून येतात. जेएमबी५८५ किंवा एएसएम११६६ असेल तर ठीक. स्वतंत्र कार्ड घेतानाही हीच दोन नावं विचारा. आठ-दहा पोर्टांचं स्वस्त कार्ड बहुधा पोर्ट मल्टिप्लायरवर, म्हणजे एकच जोडणी अनेक डिस्कना वाटून, चालतं. स्नॅपरेडची सिंक (पॅरिटी ताजी करण्याची फेरी) सगळ्या डिस्क एकाच वेळी वाचते, आणि अशा कार्डावर नेमक्या त्या वेळी डिस्क गायब होतात. जुनं एलएसआय कंपनीचं सर्व्हर कार्ड आयटी मोडमध्ये (डिस्क जशाच्या तशा दाखवणाऱ्या) उत्तम चालतं. मात्र ते सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेलं असतं, घरच्या कॅबिनेटमध्ये त्याच्या हीटसिंकवर छोटा पंखा लागतोच.

रॅम ८ जीबी पुरे. स्नॅपरेडला १६ टीबी डेटामागे साधारण १ जीबी लागते. सिस्टिमसाठी १२८ किंवा २५६ जीबीची एसएसडी. पेनड्राइव्हवर सिस्टिम टाकता येते, पण मग फ्लॅशमेमरी प्लगइन बसवावंच लागतं आणि तरीही पेनड्राइव्ह कधी दगा देईल याचा नेम नाही.

डिस्क घेताना

एसएमआर आणि सीएमआर हा फरक इथे पैशाचा आहे. एसएमआर डिस्कवर ट्रॅक एकमेकांवर चढलेले असतात, सीएमआरवर सुटे. सलग वाचायला त्या बऱ्या, पण सतत लिहायला लावलं की मंदावतात. २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या २ ते ६ टीबीच्या काही रेड डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या, त्यानंतर सीएमआरसाठी रेड प्लस असं वेगळं नाव आलं. सीगेटमध्ये आयर्नवुल्फ सीएमआर, तर ८ टीबीची साधी बाराकुडा एसएमआर. स्नॅपरेडमध्ये सिनेमे ठेवायला एसएमआर खपून जाते. पॅरिटीची डिस्क मात्र सीएमआरच हवी, कारण प्रत्येक सिंकला लिहिली जाणारी तीच.

जुनी डेटासेंटरची डिस्क स्वस्तात मिळत असेल तर चालू तासांच्या आकड्यावर विसंबू नका, तो पुसता येतो. जानेवारी २०२५ मध्ये वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं ते याच मार्गाने: सीगेटच्या आतल्या ‘फार्म’ नोंदीत खरे तास शिल्लक होते. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टमॉनटूल्समध्ये ७.४ आवृत्तीपासून स्मार्टसीटीएल कमांडने ही नोंद वाचता येते. दोन्ही आकडे जुळवून पाहा. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी आहे का तेही बघा. समांतर आयातीच्या डिस्कवर ती नसते.

एक्सटर्नल डिस्क फोडून आतली डिस्क काढली आणि ती जागीच होत नसेल, तर ती मेलेली असेलच असं नाही. सॅटा पॉवरच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की अशा काही डिस्क बंद राहतात. त्या पिनेवर कॅप्टॉन (वीजरोधक) टेपची बारीक पट्टी लावली की चालतात.

डेटा टाकण्याआधी बॅडब्लॉक्स या कमांडने पूर्ण लिहून-वाचून तपासणी करावी. चार नमुने, प्रत्येकाचं एक लेखन आणि एक वाचन, म्हणजे आठ फेऱ्या. ८ टीबीच्या डिस्कला सेकंदाला १५० एमबी धरले तर सुमारे पाच दिवस. कंटाळवाणं आहे, पण नवी डिस्क मरायची असेल तर ती या पाच दिवसांत, बदलून मिळण्याच्या मुदतीत मेलेली बरी.

ओपनमीडियाव्हॉल्ट

इन्स्टॉल करताना डेटाच्या सगळ्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. इन्स्टॉलर डिस्क विचारतो तेव्हा एका चुकीच्या एंटरने ८ टीबी साफ होते. इन्स्टॉल झाल्यावर ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी टाकायचा; युजर ‘अ‍ॅडमिन’, पासवर्ड ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’, आणि हा पासवर्ड तिथल्या तिथे बदलायचा. मग ओएमव्ही-एक्स्ट्राज हा जास्तीच्या प्लगइनचा संच, आणि त्यातून मर्जरएफएस, स्नॅपरेड आणि कंपोज ही तीन प्लगइन.

पॅनल नीटनेटका आहे, पण त्याला आपलं म्हणणं आहे. कुठलाही बदल केला की वर पिवळी पट्टी येते आणि तिथे टिकमार्क दाबेपर्यंत काही लागू होत नाही. नवख्यांच्या ‘काहीच होत नाही’ या तक्रारींपैकी कितीतरी इथेच संपतात. दुसरं, फाइल सिस्टिमची वाट यूयूआयडीची (डिस्कच्या ओळख-क्रमांकाची) लांबलचक माळ असते. ती हाताने टाइप करू नका, शेअर्ड फोल्डरच्या पानावर पूर्ण वाटेचा रकाना चालू करून तिथून कॉपी करा.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते परवानग्यांत. शेअरवरच्या परवानग्या आणि एसीएल (फाइल-फोल्डरवरचे हक्क) ही दोन वेगळी पानं आहेत. घरी चार माणसांसाठी पहिलं पान पुरेसं आहे. एसीएलमध्ये शिरून ‘रिकर्सिव्ह’ लावलं की हजारो फाइल्सचे हक्क एका फटक्यात बदलतात, जेलीफिनला फोल्डर दिसेनासा होतो आणि मग दोष जेलीफिनला दिला जातो.

खटकणारी गोष्टही सांगायला हवी. मेलेली डिस्क यादीतून काढायची तर आधी तिच्यावरचे शेअर, मग मर्जरएफएस पूल, मग स्नॅपरेडमधली नोंद, असं उलट क्रमाने सोडवत यावं लागतं. डिलीटचं बटण राखाडी का आहे हे पॅनल स्पष्ट सांगत नाही. एरवी शांत असलेला माणूस डिस्क गेल्यावर शांत नसतो, त्यामुळे ही उणीव तेव्हाच जास्त बोचते.

मर्जरएफएसचं एक कलम

नवी फाइल कुठल्या डिस्कवर जाणार, हे ठरवणारी ‘क्रिएट पॉलिसी’ एवढाच इथे विचार करायचा. ‘एग्झिस्टिंग पाथ’ प्रकारातली पॉलिसी निवडली तर फोल्डर ज्या डिस्कवर आधीपासून आहे तिथेच फाइल जाते. परिणाम असा की एक डिस्क गच्च भरते, ‘जागा नाही’ असा निरोप येतो आणि पूलमध्ये ६ टीबी रिकामे दिसत असतात. ‘मोस्ट फ्री स्पेस’ ठेवा. किमान मोकळी जागा मुळात ४ जीबी असते, ती ५० जीबी करा; एकेक ब्लू-रे रिप (डिस्कवरून उतरवलेला सिनेमा) ३०-४० जीबीची असते, आणि अर्ध्यावर जागा संपली तर कॉपी तुटते.

जेलीफिनचा डेटाबेस मर्जरएफएसवर ठेवू नये. तो ज्यात असतो त्या एसक्यूलाइटचं आणि या फाइल सिस्टिमचं नीट जमत नाही. सगळ्या कंटेनरचा (कंपोजमधून चालवलेल्या जेलीफिनसारख्या प्रोग्रॅमचा) कॉन्फिग एसएसडीवर.

स्नॅपरेड: काय वाचतं आणि काय वाचत नाही

सगळ्या डेटा डिस्कच्या त्याच क्रमांकाच्या ब्लॉकचं गणित करून पॅरिटी लिहिली जाते. एका डिस्कचा ब्लॉक गेला तर बाकीच्यांचे ब्लॉक आणि पॅरिटी मिळून तो परत काढता येतो. आरएआयडीसारखंच, पण हे गणित तुम्ही सिंक चालवाल तेव्हाच होतं. दोन सिंकच्या मधे आलेली नवी फाइल उघडी असते. एवढं सगळ्यांना कळतं.

कळत नाही ते पुढचं. समजा पहिल्या डिस्कवरचा ४० जीबीचा सिनेमा दुपारी डिलीट केला. संध्याकाळी दुसरी डिस्क मेली. दुसऱ्या डिस्कवरच्या फाइल्सना कोणी हातही लावलेला नाही, तरी त्यांतला ४० जीबीपर्यंतचा भाग परत येणार नाही. त्या जागांचं गणित पहिल्या डिस्कच्या जुन्या ब्लॉकवर बेतलेलं होतं आणि ते ब्लॉक आता नाहीत. म्हणजे एका डिस्कवर डिलीट किंवा बदल केला की सिंक होईपर्यंत दुसऱ्या डिस्कचं संरक्षण तेवढं फाटतं. टॅलीसारखा रोज बदलणारा डेटा, डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन इथे का नको, त्याचं कारण हेच.

यावर तोडगा सोपा आहे. सांबाच्या (घरच्या नेटवर्कवर दिसणाऱ्या) शेअरमध्ये रीसायकल बिन चालू करा आणि सात दिवस ठेवा. डिलीट केलेली फाइल तोवर डिस्कवरच असते, आणि गरज पडली तर ‘फिक्स’ चालवताना ‘इम्पोर्ट’ पर्यायाला तो फोल्डर दाखवला की स्नॅपरेड तिचे ब्लॉक वापरून घेतं.

आता मांडणी. पॅरिटीची डिस्क सगळ्यांत मोठ्या डेटा डिस्कएवढी किंवा मोठी हवी. चार डेटा डिस्कपर्यंत एक पॅरिटी, पाचपासून चौदापर्यंत दोन, असा स्नॅपरेडच्याच माहितीपुस्तकातला सल्ला आहे आणि तो पाळावा. कंटेंट फाइल ही या सगळ्याची वही. तिच्याशिवाय पॅरिटी निरुपयोगी. ती पॅरिटीपेक्षा किमान एक जास्त प्रतीत, वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावी लागते. प्लगइनमध्ये प्रत्येक डेटा डिस्कसमोर ‘कंटेंट’वर टिक केली की झालं.

सारख्याच मापाच्या डिस्क असतील तर एक बारीक फास आहे. ब्लॉक २५६ केआयबीचा. प्रत्येक फाइलमागे सरासरी अर्धा ब्लॉक वाया जातो. एक लाख फोटो असले तर सुमारे १३ जीबी. डेटा डिस्क काठोकाठ भरली तर पॅरिटी मावत नाही आणि सिंक मधेच थांबते. म्हणून पॅरिटीच्या डिस्कवर दुसरं काहीही ठेवू नका आणि फोटोंची डिस्क थोडी रिकामी ठेवा. एक्स्ट४ वर एकच फाइल १६ टीआयबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे १८ टीबी किंवा त्यापुढच्या पॅरिटी डिस्कला एक्सएफएस द्या.

पहिली सिंक सर्वाधिक भरलेल्या डिस्कच्या हिशेबाने चालते, कारण सगळ्या एकदम वाचल्या जातात. ८ टीबी भरलेली असेल तर सुमारे १५ तास. त्या वेळात लाईट गेली तरी बिघडत नाही, पुन्हा चालवता येते. ‘प्री-हॅश’ चालू ठेवा: त्यात नवी फाइल दोनदा वाचून दोन्ही वेळचा हॅश (मजकुराचा ठसा) जुळतो का ते पाहिलं जातं. घरच्या मशीनमध्ये ईसीसी (चुका पकडणारी) रॅम नसते, आणि रॅममधली चूक पॅरिटीत उतरू नये यासाठी एवढा वेळ देणं योग्य.

रोजची सिंक पहाटे ठेवा, पण आंधळी नको. आधी ‘डिफ’ चालतो आणि किती फाइल्स गेल्या, किती बदलल्या ते मोजतो. प्लगइनमध्ये या दोन्ही आकड्यांना मर्यादा घालता येते. डिलीटला ५० आणि बदलांना १०० ही घरासाठी ठीक सुरुवात. कोणाच्या लॅपटॉपवरून रॅन्समवेअर आला आणि त्याने तीन हजार फाइल्स बदलल्या, तर सिंक थांबेल आणि जुनी पॅरिटी शाबूत राहील. मर्यादाच नसेल तर पहाटे तेच बिघडलेले ब्लॉक इमानेइतबारे पॅरिटीत लिहिले जातील. जेलीफिनमध्ये पोस्टर आणि एनएफओ (सिनेमाच्या माहितीच्या) फाइल्स सिनेमाच्या फोल्डरात साठवण्याचा पर्याय चालू असेल तर मात्र ही मर्यादा विनाकारण ओलांडली जाते. तो बंद करा.

एखादी डिस्क माउंट झाली नाही तर तिच्यावरच्या सगळ्या फाइल्स ‘डिलीट’ झाल्यासारख्या दिसतात. तेव्हा स्नॅपरेड स्वतःहून अडतं आणि ‘फोर्स एम्प्टी’ मागतं. इंटरनेटवरून उचललेल्या स्क्रिप्टमध्ये हा शब्द आधीच घातलेला आढळला तर ती स्क्रिप्ट वापरू नका.

आठवड्याला एकदा स्क्रब, म्हणजे साठवलेल्या ब्लॉकची तपासणी. काही न सांगता चालवला तर तो दहा दिवसांपेक्षा जुन्या ब्लॉकमधून ८ टक्के तपासतो, म्हणजे साडेबारा आठवड्यांत एक पूर्ण फेरी. त्यात चूक निघाली तर आधी स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते) आकडे बघा. पाचवा म्हणजे बदललेले सेक्टर आणि १९७ वा म्हणजे अडकलेले सेक्टर, हे वाढत असतील तर डिस्क जाणार. १९९ वा वाढत असेल तर डिस्क निर्दोष, सॅटा केबल बदला. कोकणासारख्या दमट हवेत केबलच्या टोकांवर गंज धरतो, तिथे हाच आकडा आधी हलतो.

डिस्क गेलीच तर पहिलं काम: ठरवलेली सिंक बंद करणं. दुसरं काहीही नंतर. मग तेवढीच किंवा मोठी डिस्क लावा, तिला स्नॅपरेडमध्ये मेलेल्या डिस्कचंच नाव द्या, आणि त्या नावापुरता ‘फिक्स’ चालवा, त्याच्या नोंदी (लॉग) एका फाइलमध्ये घेत. संपल्यावर त्याच डिस्कचा ‘चेक’. तो स्वच्छ आला की सिंक. जे परत आलं नाही ते ‘अनरिकव्हरेबल’ या शेपटीसह शिल्लक राहतं, त्यामुळे काय गेलं याची यादी तरी हाती येते. ही कवायत नव्या मशीनवर एकदा मुद्दाम करून पाहा: सिंकनंतर एखादा सिनेमा पूलबाहेर हलवा, ‘फिक्स’ला फक्त हरवलेल्या फाइल्स आणायला सांगा, आणि परत आलेली फाइल मूळ फाइलशी ताडून बघा.

जेलीफिन, आणि देवनागरीच्या दोन अडचणी

हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला (टीव्हीला झेपेल अशा रूपात व्हिडिओ बदलण्याला) जेलीफिन पैसे मागत नाही. प्लेक्स या दुसऱ्या मीडिया सर्व्हरमध्ये त्यासाठी पास लागतो, आणि एप्रिल २०२५ च्या अखेरीस त्याचा आजीवन दर १२० वरून २५० डॉलर झाला. कंटेनरला ग्राफिक्सचं रेंडर उपकरण आणि ‘रेंडर’ गटाचा क्रमांक द्यावा लागतो. क्रमांक दिला नाही तर पॅनलमध्ये क्विकसिंक (इंटेलचं हार्डवेअर ट्रान्सकोडिंग) निवडूनही सिनेमा सुरू होता होता तुटतो. एन१०० वर इंटेलचं नॉन-फ्री फर्मवेअर पॅकेज बसवलेलं असावं.

मुळात ट्रान्सकोडिंगची वेळच कमी येऊ द्या. ब्लू-रेची चित्ररूपी सबटायटल लावली की टीव्हीचं अ‍ॅप ती जमत नाहीत म्हणून अख्खं चित्र पुन्हा एन्कोड करायला लावतं. एसआरटी (मजकुराची सबटायटल) वापरा. अनेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. फोरके रिप मधेमधे त्याच्या वर उडी मारते आणि गोल फिरत बसतं. तिथे ५ गिगाहर्ट्‌झ वाय-फाय जास्त चालतं.

मराठी सबटायटल चौकोन-चौकोन दिसत असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे का ते आधी पाहा. ती ठीक असूनही, ट्रान्सकोड होतानाच चौकोन येत असतील तर कंटेनरमध्ये देवनागरी फॉन्ट नाही. नोटो सान्स देवनागरी एका फोल्डरात ठेवून ‘फॉलबॅक फॉन्ट’ला तो फोल्डर दाखवा, आणि चित्रावर छापल्या जाणाऱ्या सबटायटलसाठी तोच फोल्डर कंटेनरच्या फॉन्टच्या जागी जोडा.

दुसरी अडचण नावांची. एक्स्ट४ मध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. रोमन अक्षराला एक बाइट, देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन; काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. ‘आजीच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम सकाळची पूजा आणि दुपारचं जेवण…’ अशी भरघोस नावं विंडोजवर बिनदिक्कत चालतात आणि सर्व्हरवर कॉपी करताना ‘नाव फार मोठं’ म्हणून अडतात. नाव छोटं, वर्ष कंसात, एवढं पुरे. मराठी सिनेमांच्या बाबतीत तर वर्ष हवंच. एकाच नावाचे सिनेमे निघतात, आणि वर्षाशिवाय भलतंच पोस्टर चिकटतं.

पॅरिटी म्हणजे बॅकअप नव्हे

आग, चोरी, वीज कोसळणं, चुकून पुसणं, यांपैकी पहिल्या तिन्हींत पॅरिटीची डिस्कही त्याच कॅबिनेटमध्ये असते. सिनेमे पुन्हा मिळतील, म्हणून त्यांचा बॅकअप नको. फोटो, घरची चित्रीकरणं आणि कागदपत्रं एवढ्यांचाच घ्या. मिनीडीव्ही कॅसेट तासाला सुमारे १३ जीबी होते, तरी वीस कॅसेट म्हणजे २६० जीबीच. रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्रॅम यासाठी उत्तम आहे: कूटबद्ध करतं, सारखे तुकडे एकदाच साठवतं. दोन यूएसबी डिस्क घ्या, एक घरी आणि एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे, आणि जाता-येता अदलाबदल करा. रोजच्या सात, आठवड्याच्या चार, महिन्याच्या बारा नोंदी ठेवल्या तरी जागा फार लागत नाही. रेस्टिकचा पासवर्ड हरवला की बॅकअप उघडण्याचा दुसरा रस्ताच नाही. तो कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावा, आणि सर्व्हर सोडून दुसऱ्या मशीनवर पाच-दहा फोटो काढून पाहा.

बाहेरून सिनेमे पाहायचे असतील तर राउटरवर पोर्ट उघडण्याच्या नादाला लागू नका. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांवर एकच आयपी अनेक घरांत वाटलेला असतो, तिथे पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. टेलस्केल (आपल्याच उपकरणांचं खासगी जाळं बनवणारं सॉफ्टवेअर) लावा.

राहिली वीज. पाच डिस्कचं मशीन, बहुतेक डिस्क झोपलेल्या, सरासरी ३० वॉट धरलं तर महिन्याला साडेएकवीस युनिट. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’ बाजूला असू द्या, दुसऱ्या बाजूला बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. स्वतंत्र यूपीएस घेताना यूएसबी डेटा पोर्ट असलेलाच घ्या. बाजारातल्या कितीतरी ६०० व्हीएच्या यूपीएसना तो नसतो, मग बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळणार कसं? पोर्ट असेल तर यूपीएसशी बोलणाऱ्या एनयूटी प्लगइनमध्ये ‘यूएसबीएचआयडी-यूपीएस’ ड्रायव्हर आधी करून पाहा, नाही जमला तर ‘एनयूटीडीआरव्ही-क्यूएक्स’. बॅटरीवर गेल्यापासून १२० सेकंदांत बंद व्हायला सांगा. ६०० व्हीएची बॅटरी नवी असताना जास्त टिकते, दोन उन्हाळ्यांनंतर तेवढी टिकत नाही. सिंक चालू नसताना भिंतीवरचं बटण बंद करून मशीन खरंच शिस्तीत बंद होतं का, ते दर सहा महिन्यांनी बघा.